मोगऱ्याचा ताण

माझा भाऊ दगडू मूर्ख होता. मेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणतात. पण मी त्याची थोरली बहीण; मी नाही बोलायचं तर कोणी?

नौपाड्यातल्या एका बंगल्यात तो पंधरा वर्षं माळी होता. मोगऱ्याची चाळीस झुडपं त्याच्याच हातची. दर वर्षी पौष सरला की तो त्यांचं पाणी तोडायचा, पानं ओरबाडायचा, मुळं उघडी करून उन्हात ठेवायचा. ह्याला ताण देणं म्हणतात. असं उपाशी ठेवलं, मग खतपाणी दिलं, की झाड चैत्र-वैशाखात कळ्यांनी लगडतं.

मालक वारले आणि बंगला अण्णा वकिलांनी घेतला. माघात त्यांच्या लेकीला बघायला कल्याणची मंडळी यायची होती. अण्णांनी बागेत पाऊल टाकलं आणि भडकलेच.

"झाडं मारलीस, हरामखोरा! पाहुण्यांना काय काटक्या दाखवू?"

"आठ दिवस थांबा, अण्णासाहेब. मग पाणी सोडतो. ताईसाहेबांच्या लग्नाला टोपल्या भरून फुलं देतो."

गाढवाला गुळाची चव काय! त्याच दिवशी दगडूला बागेतल्या खोपटातून बाहेर काढलं. तो माझ्याकडे बाळकुमला आला आणि मिठागरावर जाऊ लागला. ज्या हातांनी कलमं बांधली त्यांना मिठानं भेगा पडल्या.

नवा माळी विठ्ठल. त्यानं खत टाकलं, पाणी सोडलं, आणि वैशाखात मोगरा असा फुलला की सगळा मांडव घमघमला. आयत्या बिळावर नागोबा! अण्णांनी भर मांडवात त्याला पागोटं बांधलं.

पुढच्या वर्षी विठ्ठल हिवाळाभर पाणी घालत राहिला. पानंच पानं, फूल औषधाला नाही. पाऊस सरल्यावर हा बाबा आमच्या दारात. "दगडूदादा, औंदा फुलं नाही आली तर अण्णा झुडपं उपटणार."

मी दगडूला म्हटलं, "उपटू देत! तोंड उघडशील तर याद राख!" पण हा मेला विठ्ठलजवळ बसला आणि सगळं सांगितलं. पानं कशी तोडायची, मुळं किती दिवस उघडी ठेवायची, सगळं.

त्या वैशाखात मी मासळी विकायला नौपाड्यात गेले. अण्णा फाटकात उभे राहून कुणाला तरी सांगत होते, "आमचा विठ्ठल मोगऱ्याला ताण देतो हो. त्याशिवाय फुलत नाही. दगडासारखा अडाणी माळी होता आधी, त्याला काय ठाऊक!"

घरी आले. दगडू तापानं फणफणलेला होता. मला बघून उठून बसला.

"अक्का, फुललाय का गं?"

माझा जीव जळत होता.

"फुललाय रे मेल्या," मी म्हटलं, "तुझ्या हातचा होता तसाच."

तो हसला. महिन्याभरात गेला.