काकांचा आवाज कुठे ठेवलाय

आमची धाकटी प्रोग्रामर आहे. स्वतःचा चष्मा तिला कधी सापडत नाही. तो शोधायचं काम थोरल्या बहिणीचं, म्हणजे माझं. पण कामाला लागली की तहानभूक विसरते, हे मान्य करायला हवं.

काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे आधीच कळलं होतं, म्हणून धाकटीने त्यांच्याच आवाजात वाक्यं रेकॉर्ड करून घेतली. "सेल बदलावा लागेल", "बसा, आत्ता देतो", अशी. बटण दाबलं की कॉम्प्युटर ते वाक्य बोलणार. एक बटण काकांनी कोरं ठेवायला लावलं आणि त्याचं वाक्य तिला खोलीबाहेर घालवून एकट्यानेच रेकॉर्ड केलं. हे सगळं जमलं नाही तर दुकान विकून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

धाकटीच्या खोलीत सगळं खणखणीत वाजलं. मग तिने ते दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसवलं. ऑपरेशननंतर काकांनी दुकान उघडलं आणि पहिलं गिऱ्हाईक आलं. काकांनी स्क्रीनवरच्या चिन्हावरून प्रोग्राम उघडला, बटण दाबलं. चिडीचूप! काकांनी आधी स्वतःच्या गळ्याकडे, मग कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं आणि हसले. काकू मात्र डोळे पुसत आत गेल्या. मला धाकटीचा असा राग आला!

"अगं, आवाजाच्या फाइली आहेत जागेवर," ती म्हणाली. "हा वेडा प्रोग्राम, त्याला जिथून उघडलं तिथेच त्या शोधतोय. मी घरी त्याच्याच फोल्डरमधून चालवायचे, म्हणून सापडत होत्या."

"मग आता?"

"आता त्याला सांगते, चालू झालास की आधी तुझी स्वतःची फाइल कुठे आहे ते बघ, आणि तिच्या शेजारचं फोल्डर उघड. मग कुठूनही उघडा, बोलेल."

दोन-चार ओळींचं काम. तेवढ्यात तिचा चष्मा हरवून मला सापडूनही झाला.

काकांनी पुन्हा चिन्हावरून प्रोग्राम उघडला.

"बसा, आत्ता देतो!"

तोच जुना दणदणीत आवाज. गिऱ्हाईक दचकून खरंच बसलं. काकू हातातला पेला घेऊनच धावत बाहेर आल्या. मला इतका आनंद झाला की रागबिग कुठल्या कुठे गेला.

मग काकांनी ते कोरं बटण दाबलं.

"गुणाची गं माझी पोर. जेवलीस का?"

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "नाही अजून, काका."

काकांनी खणातला आपला डबा काढला, झाकण उघडायला घेतलं आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

"बसा, आत्ता देतो."