शून्य कुठून धरायचं?

रस्त्यांचं डिझाइन करणाऱ्या ऑफिसात माणूस टिकला, की डोक्यावरचे केस कमी होतात आणि किस्से वाढतात. आमचं ऑफिस गंगापूर रोडला. माझे बहुतेक किस्से एकाच गोष्टीवरून झालेत, चेनेजच्या लेबलवरून. चेनेज म्हणजे रस्ता जिथून सुरू होतो तिथून आपण किती मीटर आलो, तो आकडा. ड्रॉइंगवर रस्त्याच्या कडेनं लिहितात. एवढीशी गोष्ट, पण काय छळलंय तिनं!

पेठकडच्या डोंगरातला एक रस्ता आमच्याकडे आला. ड्रॉइंग करणारा हिरामण त्याच भागातला. मंजुरी चार किलोमीटरची, डांबरी रोडपासून आश्रमशाळेपर्यंत. हिरामणचा पाडा शाळेच्या पुढे, ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात तिथून आजारी माणसाला झोळीत घालून आणतात. मागच्या पावसात त्याच्या वहिनीला तसंच आणलं होतं.

"सर, पाड्यापर्यंत नेऊ ना," तो आमच्या बोरस्ते सरांना म्हणाला.

"अरे, मंजूर लांबी चार. वाढवणारे आपण कोण?"

हिरामण कामाला लागला. मला फार वाईट वाटलं.

*

पहिलं ड्रॉइंग बांधकाम खात्याच्या साहेबांनी परत पाठवलं. सॉफ्टवेअर आपल्या मनानं २+४०० असं लिहितं.

"ही बेरीज कशाची?" साहेबांनी फोनवर विचारलं.

"चेनेज आहे साहेब. दोन किलोमीटर चारशे मीटर."

"मग तिरपी रेघ द्या. आमच्याकडे बेरीज चालत नाही!"

हिरामणनं लेबल स्टाइल उघडून २/४०० केलं.

*

मग शेरा आला, "लेबले अपुरी." हिरामणला राग आला असावा. त्यानं दर दहा मीटरला लेबल टाकलं. बोरस्ते सरांनी प्रिंट समोर धरली, चष्मा पुसला, परत घातला.

"छान झालंय. यात रस्ता कुठाय?"

*

घाटात रस्ता वळला, की लेबलंही उलटी होतात. ती सुलटी ठेवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, पण आम्ही विसरलो. ड्रॉइंग टेबलभर पसरलेलं. साहेबांनी कागद फिरवला नाही. ते खुर्ची घेऊन स्वतःच फिरले. मागून शिपाई चहा घेऊन. शेवटचं लेबल वाचेपर्यंत साहेब दारात पोचले होते.

"रस्ता चांगला आहे हो," ते म्हणाले, "पण दमवतो!"

*

साइटवर खुंट्या मारायला सिन्नरकडचा मुकादम होता. त्याचा फोन आला.

"मॅडम, मोरीची खुंटी कुठं मारू?"

मी लेबल वाचलं, "दोन किलोमीटर, एकशे सदतीस पॉइंट चार एक दोन मीटर."

"एकशे सदतीस घावलं. पॉइंटावर म्हैस बसलीय. लय मोठी हाय. उठली का मारतो."

आम्ही पॉइंट काढून टाकला.

*

शेवटचं ड्रॉइंग हिरामणनं एकट्यानं केलं. तिरपी रेघ होती, लेबलं सुलटी, पॉइंट नाही. फक्त रस्त्याची दिशा त्यानं उलटी केली होती. शून्य त्याच्या पाड्यावर!

"अरे बाबा, मंजुरी चारची आहे," बोरस्ते सर ओरडले.

"चारच आहे सर. मोजा."

सरांनी मोजलं. चारच होतं. कपाळाला हात लावून ते म्हणाले, "तूच ने आता. मी नाही येत."

मग मी गेले त्याच्याबरोबर. साहेब चिडले असते तर त्याची नोकरी गेली असती, आणि पाडा तर गेलेलाच होता.

साहेबांनी शून्यावर बोट ठेवलं आणि एकेक लेबल वाचत निघाले. "आता कसं!" ते खूश झाले. ४/००० वर बोट थांबलं.

"पुढे?"

"मंजुरी संपली साहेब," हिरामण म्हणाला.

"अरे, पण डांबरी रोड अजून सहाशे मीटर लांब आहे! रस्ता असा रानात सोडून देणार? लोक काय म्हणतील आम्हाला?"

"तेच ना साहेब."

साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"तुझं गाव कोणतं रे?"

हिरामणनं शून्यावर बोट ठेवलं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि शेवटच्या लेबलपुढे लिहिलं, "उर्वरित सहाशे मीटर वाढीव मंजुरीत घ्यावे."