चष्मेवालीने घेतलेलं टेस्टिंग

माझा भाचा चांगल्याला कधी चांगलं म्हणत नाही. ही खोड त्याला कुठून लागली मला ठाऊक नाही. माझ्याकडून तर नक्कीच नाही. मी सरळ माणूस. टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवतो, बिघाड असेल तर बिघाड म्हणतो आणि गिऱ्हाईक मूर्ख असेल तर तेही तोंडावर सांगतो. हा पठ्ठ्या मात्र सगळं उलट बोलतो. पोटभर जेवला की ताट सरकवत म्हणणार, "छे, आज काही जमलं नाही." आणि त्याची आई, म्हणजे माझी आक्का, खुशीत पदराला हात पुसणार. आमच्या घरी सगळ्यांना ही भाषा येते. घरात एवढी वर्षं काढल्यावर यायलाच हवी.

आता माझ्या दुकानाचा एक नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. दुरुस्त झालेला टीव्ही दोन तास चालवून बघितल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. सुरुवातीला सगळेच टीव्ही सज्जन असतात. आतून तापले की मगच त्यांचे गुण दिसतात. म्हणून फळीवर एखादा टीव्ही सतत चालू असतो, आणि त्याच्यासमोर बसून भाचा दुसऱ्या टीव्हीचं पोट उघडून काम करत असतो. त्यामुळे त्याने जगातले सगळे सिनेमे पाहिलेत, पण अर्धे. ऐन रंगात आलं की गिऱ्हाईक येतं आणि टीव्ही घेऊन जातं. "मामा," तो म्हणतो, "मला अजून एकाही खुन्याचं नाव माहीत नाही."

तरी मतं द्यायला त्याला अर्धा सिनेमा पुरतो. रोज सकाळी शटर वर केलं की तो फोन तोंडाशी धरून बाजाराच्या ग्रुपवर बातम्या देतो. आधी घरच्या, मग करमणुकीच्या, शेवटी वैयक्तिक. "घरची बातमी. मामाने आज एकदाच आरडाओरडा केला, तब्येत तपासून घ्यावी लागेल. करमणूक. काल एक थोर सिनेमा पाहिला. नायक तासभर पळत होता. कुणापासून ते त्यालाही माहीत नव्हतं, पण दिग्दर्शकाने थांबवलं नाही, मोठ्या मनाचा माणूस. वैयक्तिक. माझ्या डाव्या चपलेने राजीनामा दिला आहे. उजवी शोकात आहे." शिंपी, फुलवाला, पलीकडचा बेकरीवाला, सगळे हे ऐकूनच दुकानं उघडतात. मी वरवर वैतागतो. पण हाताचं काम असं की भल्याभल्यांनी बाद केलेला टीव्ही तो उभा करतो, आणि हे मी त्याला कधी सांगणार नाही.

आमच्या समोरच चष्म्याचं दुकान आहे. तिथे एक मुलगी डोळे तपासते. खुर्चीत बसवते, डोळ्यांसमोर काचा बदलते आणि विचारते, "आता बरं दिसतं, की आता?" दिवसभर हाच प्रश्न. एकदा तिच्या घरचा टीव्ही आमच्याकडे आला. बिघाड अगदी किरकोळ होता, भाच्याने हसत-खेळत काढला. पण टीव्ही काही फळीवरून हलेना. विचारलं की म्हणायचा, "अजून टेस्टिंग चालू आहे, मामा." मी म्हटलं, अरे, एवढ्या टेस्टिंगमध्ये नवा टीव्हीसुद्धा म्हातारा होईल! तर चष्मेवाली जेवणाच्या सुट्टीत रोज रस्ता ओलांडून यायची, टीव्ही ठीक चालतो का ते बघायला. एका दुपारी दोघांनी मिळून सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. टीव्ही न्यायला कोण येणार? गिऱ्हाईक तर तिथेच स्टुलावर बसलेलं. शेवट झाल्यावर भाचा म्हणाला, "ह्यापेक्षा अर्धाच बरा होता." मी काय समजायचं ते समजलो आणि संध्याकाळी आक्काला फोन केला.

तर आक्का, मी आणि भाचा चष्मेवालीच्या घरी मागणी घालायला गेलो. तिचे वडील बस चालवतात. बैठकीची खोली लहानशी, पण खुर्च्या अशा लावलेल्या की मधून गाडी निघावी. ड्रायव्हरसाहेबांनी फार लांबण लावली नाही. चहाचा कप हातात घेतला आणि भाच्याला सरळ विचारलं, "आमची मुलगी कशी वाटते?"

भाचा तिच्याकडे बघून म्हणाला, "ठीक आहे. चालवून घेऊ."

आक्काच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी तर टाळीच वाजवली. अहो, एवढं कौतुक ह्या पोराने जन्मात कुणाचं केलं नव्हतं! टाळी वाजल्यावर मला दिसलं की समोरच्या बाजूला सगळे कप हातातल्या हातात थांबलेत. चष्मेवालीचा चेहरा पडला होता. मी समजावायला लागलो की आमच्याकडे ह्याचा अर्थ उलटा असतो. जितकं समजावलं तितकं प्रकरण बिघडत गेलं. ड्रायव्हरसाहेबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "उजवीकडचा दिवा लावून डावीकडे वळणारा माणूस मला जावई नको."

आम्ही चपला शोधल्या.

दुसऱ्या दिवशी बाजाराला बातम्या मिळाल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. शिंप्याने येऊन विचारलं, पोरगा आजारी आहे का? भाचा मान खाली घालून काम करत होता. एकदम म्हणाला, "मामा, मला तीच हवी. ती नाही म्हणाली तर मला सोसणार नाही."

माझ्या हातातला पेचकस खाली पडला. सरळ वाक्य! त्याच्या तोंडून! "गाढवा," मी ओरडलो, "हे मला कशाला सांगतोस? जा ना समोर!"

गेला. परत आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. ती म्हणाली होती, "मला वाटायचं, तुझं बोलणं मला कळतं. पण बाबांसमोर, सगळ्यांसमोर, मला खरंच कळलं नाही तू काय म्हणालास. माझ्या खुर्चीत बसून लोक उलटी उत्तरं द्यायला लागले तर मी त्यांना चष्मा कसला देऊ?" पोरीचं बोलणं बिनतोड होतं. मला राग आला तो ती बरोबर बोलली ह्याचाच.

रविवारी दुपारी ती वडिलांना घेऊन आमच्या दुकानात आली. ड्रायव्हरसाहेब स्टुलावर बसले आणि मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. ती मला म्हणाली, "मामा, दुरुस्त झालेला टीव्ही तुम्ही दोन तास चालवून बघता ना?"

"बघतो."

"मग ह्यालाही बघू या. दोन तास सरळ बोलायचं. एकही वाक्य उलट गेलं तर आम्ही निघालो."

दुकानदार म्हणून मला मागणी रास्त वाटली. भाच्याची मात्र पाचावर धारण बसली.

फळीवर एक सिनेमा चालू होता. तिने विचारलं, "कसा आहे?"

"अप्रति..." भाचा थांबला. घाम पुसला. "वाईट आहे. पण ती म्हातारी झालेली बाई आहे ना, ती चांगलं काम करते. तिच्यासाठी मी बघतोय." दुसऱ्याची चप्पल घालून चालावं तसं तो बोलत होता. मधेच एक बाई आपला टीव्ही घेऊन आल्या. भाच्याने उघडून पाहिला आणि म्हणाला, "बाई, टीव्ही उत्तम आहे. रिमोटचे सेल गेलेत." बाई भडकल्या. "माझी टिंगल करतोस? मामा, खरं काय ते तुम्ही सांगा!" मी शपथ घेतली तेव्हा कुठे गेल्या.

मग आक्काच्या स्वयंपाकाची चौकशी झाली. "भाजीत मीठ जास्त पडतं," भाचा म्हणाला, "पण मला तीच आवडते." पहिलं अर्धं मी आक्काला अजून सांगितलेलं नाही.

"आणि मामा कसे आहेत?" चष्मेवालीने विचारलं. मी उघड्या टीव्हीत डोकं घातलं.

"फार चिडतो. पण माझा हात धरून त्याने मला सगळं शिकवलं. मी जो काही आहे तो ह्या दुकानामुळे आहे." त्या टीव्हीच्या आत तेव्हा इतकी धूळ निघाली की माझे डोळे चुरचुरायला लागले. बाहेर यायला मला बराच वेळ लागला.

बाहेर आलो तेव्हा ड्रायव्हरसाहेब पुढे झुकले होते. त्यांनी तोच प्रश्न विचारला. "आमची मुलगी कशी वाटते?"

भाच्याने हातातला पेचकस खाली ठेवला. मग म्हणाला, "ती रस्ता ओलांडताना दिसली की माझं काम थांबतं. तिच्यासारखं खरं बोलायला मला अजून येत नाही, पण तिच्याजवळ राहून येईल असं वाटतं. ती हो म्हणाली तर मला खूप आनंद होईल. नाही म्हणाली तर फार वाईट वाटेल, आणि मी ते लपवणार नाही."

टीव्ही चालूच होता, पण त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ड्रायव्हरसाहेबांनी मांडीवरचं घड्याळ उचललं आणि न बघताच मनगटावर चढवलं.

"काय गं?" त्यांनी लेकीला विचारलं. "काय म्हणतेस?"

चष्मेवाली उठली. दुरुस्त करून ठेवलेली वस्तू घेण्याआधी बघावी तसं तिने माझ्या भाच्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "चालवून घेऊ."

मी टाळी वाजवायला हात उचलले, पण ड्रायव्हरसाहेबांनी माझ्याआधीच वाजवली.