तिसरा बल्ब

मोटारसायकलचा पुढचा दिवा मंद झाला म्हणून यंदा तिसऱ्यांदा मिस्त्रीकडे गेलो. गाडी वीस वर्षांची, तिच्यावर फार खर्च करायचा नाही हे ठरलेलं. मिस्त्रीनं काचेला बोट न लावता फडक्यात धरून बल्ब काढला आणि सहज म्हणून बॅटरीला लावून पाहिला. भर दुपारच्या उन्हातही तो लख्ख पेटला.

"काका, हा तर ठणठणीत आहे."

"असू दे. तू नवा टाक," मी उगाचच चिडून म्हणालो.

माणूस आधी स्वस्तातला दोष शोधतो. बल्ब, मग वायर, मग रस्ताच खराब. स्वतःपर्यंत यायला त्याला फार उशीर होतो, कारण तिथलं काही फडक्यात धरून बदलता येत नाही.

संध्याकाळी बायकोला मागे बसवून घरी निघालो.

"अहो, किती छान उजेड पडतोय आता! खड्डा न् खड्डा दिसतोय," ती खांद्यावरून म्हणाली.

"हो ना," मी म्हणालो, आणि ती म्हणते ते खड्डे कुठे आहेत ते शोधत गाडी आणखी हळू केली.