चढावाला सगळ्यांचीच धडधडते

पार्वतीकाकी पाखाडीवर भेटली की प्रश्न विचारायची. पाखाडी म्हणजे विहिरीपासून वर आमच्या वाडीपर्यंत चढणारी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. कमरेवर कळशी घेऊन काकी मधल्या वळणावर थांबायची. "काय गो बाय, आवशीची कंबर कशी हाय?" आपण आईचं सांगायला लागलो की ती खाडीकडे बघत राहायची, आणि आपलं संपलं की दुसरा प्रश्न. मी तिला चौकस समजत होते. एकदा कॉलेजातून येताना मी घाईत होते, "बरी आहे" एवढंच म्हटलं. काकीला पुढचा प्रश्न विचारता येईना. तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. मानेची शीर उडताना मला स्पष्ट दिसली. आपल्याला बोलायला लावून ती स्वतः दम घेत होती.

मी तिला पायरीवर बसवलं आणि मनगट धरलं. कॉलेजतर्फे गावात आरोग्याची पत्रकं वाटून मला एवढं कळत होतं, की चढ चढल्यावर छाती धडधडणं हा आजार नव्हे. हृदय आपलं काम करतं, आणि बसलं की थोड्या वेळात निवतं. काकीचं निवेना. अंगण झाडताना असं होतं का, विचारलं. होतं म्हणाली. गोधडी झटकताना? तेव्हाही. दवाखान्यात चल म्हटल्यावर मात्र ती पदर खोचून उठली.

"चढावाला सगळ्यांचीच धडधडते. तुजी नाय धडधडत?"

तिला शहरातल्या दवाखान्यात न्यायला शिमगा उजाडला, तेही बाजाराच्या बहाण्याने. डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली ओढून पाहिली; आतला रंग पांढुरका होता. रक्त फार कमी आहे म्हणाल्या. "धक्क्यावर माल तेवढाच, पण हमाल निम्मे. मग आहेत त्यांना धावत फेऱ्या माराव्या लागतात. तुमचं हृदय तसं धावतंय, केर काढायलासुद्धा."

काकीला ते चटकन पटलं. "मग त्या हमालांस खायला कोन घालनार?"

"तुम्हीच. मासे, पालेभाजी, आणि या लोहाच्या गोळ्या."

गोळ्या तिने आठवड्यात बंद केल्या. परसाकडला काळं होतं म्हणून. आत घातलेलं लोखंड तसंच बाहेर पडत असेल तर फुकट कशाला खायचं, हा तिचा हिशेब. मी कपाळावर हात मारून घेतला. तसं होतंच, म्हणून समजावलं, तेव्हा पुन्हा सुरू केल्या.

खरं भांडण पुढे होतं. त्या घरात आधी पुरुष जेवत, मग मुलं, मग सून, आणि शेवटी टोपासकट काकी. तोवर माशाच्या तुकड्या संपलेल्या असत. ती भाताने टोप पुसून खायची आणि वर कोरा चहा घ्यायची. घरात कोणी दुष्ट नव्हतं, याचीच मला जास्त चीड यायची. मुंबईची गिरणी बंद पडल्यावर गावी परतलेले काका तर अगदी गरीब स्वभावाचे. मी त्यांना डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तिला कोन अडवतो? टोप तिच्याच हातात असतो."

म्हटलं, काका, टोप हातात आहे म्हणूनच तिला स्वतःला आधी वाढून घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः एक तळलेला बांगडा तिच्यासाठी झाकून ठेवला. काकीने तो नातवाला दिला. मी तिच्याशी कडाकडा भांडले.

"तुजं लगीन झालं की मग बघू," ती हसली.

मी लग्नच करणार नाही म्हटलं.

"मग कोनास वाढशील गो?"

पुढच्या पावसात काकीला ताप आला. साधाच ताप, घरात दोघांना येऊन गेलेला. ते उठून कामाला लागले. काकीचं दमलेलं हृदय त्या तापात थांबलं.

दिवस घातले तेव्हा तिच्या आवडीचं पान वाढून कावळ्याला ठेवायचं होतं. काकांनी पडवीतून मुलाला विचारलं, आवशीला काय आवडायचं. मुलाने बायकोला विचारलं. ती चुलीपाशी थांबली, आठवू लागली. "त्या सगळंच खायच्या," एवढंच म्हणाली. शेजारणींना आणि मलाही सांगता येईना. तिला स्वतःच्या आवडीचं काही वाढून घेताना कोणी पाहिलंच नव्हतं.

चुलीवरचं निवत चाललं होतं. शेवटी काकांना जे आवडायचं तेच त्या पानावर वाढलं.