चीनच्या बागेत ठेवलेला घास

चीनला गेलेला माणूस काय बघून येतो? भिंत बघतो म्हणे, उंच इमारती बघतो. मी कावळा शोधत फिरलो. गावात हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. हसणाऱ्यांनी आधी घाटावर ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून बघावं, मग हसावं.

माझी बायको गेल्या वर्षी गेली. पोरगा एकच, तो चीनमध्ये मशिनी बनवणाऱ्या कंपनीत. त्याला विमान मिळेपर्यंत इकडं सगळं आटोपलं होतं. अग्नी माझ्या पुतण्यानं दिला. तिसऱ्या दिवशी कुरुंदवाडच्या घाटावर रक्षाविसर्जन केलं. केळीच्या पानावर भात, दही, आणि तिला आवडायचं म्हणून चहात भिजवलेलं बेकरीतलं कडक बटर, असं सगळं मांडलं आणि लांब सरकून बसलो. कावळे होते. झाडावर ही गर्दी. पण एकही खाली येईना. गेलेल्याचा जीव कशात अडकला असला की कावळा घासाला शिवत नाही. मग मागच्यांनी ते ओळखायचं आणि मोठ्यानं शब्द द्यायचा, अशी आमची रीत. भावानं दिला, म्हशींची आबाळ होऊ देणार न्हाई. पुतण्यानं दिला, घरात दिवा लागंल. काही उपयोग नाही. शेवटी सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी उठलो, हात जोडले आणि घाटाला ऐकू जाईल असं बोललो, "पोराला परत आणतो."

एक कावळा खालच्या फांदीवर आला. त्यानं पानाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि नदीपल्याड निघून गेला. त्याच्यामागं सगळेच गेले. झाड मोकळं झालं. ऊन चढल्यावर गाईला घास चारला आणि उठलो.

"लेक नव्हता जवळ, म्हणून अडली," सगळे म्हणाले. मलाही ते पटलं. बाई अधांतरी अडकून पडली आहे आणि पोरगा गावात आल्याशिवाय ती सुटणार नाही, एवढी एकच गोष्ट डोक्यात धरून मी म्हशी पुतण्याकडं सोपवल्या आणि विमानात बसलो. वर्षश्राद्धाची तिथी तिकडं असतानाच येईल असा हिशोब मी मुद्दाम धरला होता. आईचा घास लेकाच्या हातानं ठेवायचा, कावळा शिवला की पोराला घेऊनच निघायचं.

पोराचं घर आभाळाला टेकलेलं. खिडकीतून नुसती धुरकट हवा आणि समोर तशीच दुसरी इमारत. मी पहिल्या दिवशी विचारलं, "कावळं कुठं येत्यात रं हितं?"

"न्हाईत की, आबा."

"न्हाईत म्हंजे?"

"म्हंजे न्हाईत. आल्यापासनं एकबी बघितला न्हाई मी."

"तुला बघायचं ठावं नसंल. कावळा नाही असा मुलूख असतोय व्हय?"

मी रोज खाली जाऊन झाडं बघून आलो. चिमण्यांसारखं काहीतरी होतं. कावळा नाही. तिथी जवळ आली तसा मला घास गिळवेना. मग पोरगाच म्हणाला की लांब एक मोठी बाग आहे, जगातली सगळी जनावरं आहेत तिथं, पाळणे आहेत, राहायला हॉटेल आहे. नातीला दाखवायचीच होती. "जगातली सगळी जनावरं, तर कावळा असणारच," मी म्हणालो. त्यानं तिकिटं काढली. माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

सुनेला सुट्टी नव्हती. पेठ वडगावची पोर, तिनं पहाटे उठून भात केला, दही लावलं होतं ते घातलं, भोपळ्याच्या गोड घाऱ्या तळल्या. बटर काही मिळालं नाही. पितळी डबा मी शालीखाली धरला. बागेच्या दारात तपासणी होती, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही म्हणे. तिथल्या बाईनं डब्याकडं बोट केलं. मी झाकण उघडून पुढं धरला. पोरगा त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. बाईनं भाताकडं बघितलं, मग दोन्ही हातांनी झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात परत दिला.

"काय सांगितलंस तिला?"

"आईचं हाय म्हणालो."

आत गेलो. पाऊस भुरभुरत होता, कामाचा दिवस होता, माणूस तुरळक. तरी सगळे पाळणे चालू. रिकाम्या गाड्या वर जात होत्या, तिथून खाली कोसळत होत्या, आणि त्यांच्यात ओरडायला कुणी नव्हतं. एक लाकडी घोड्यांचं चक्र गाणं वाजवत एकटंच फिरत होतं. वळणावर अस्वलाचं मोठं डोकं घातलेला माणूस उभा होता. नातीनं हात हलवला, त्यानंही हलवला. आम्ही बरंच पुढं गेलो, दुसऱ्या वळणावर तसाच एक उभा. तोही हात हलवत होता, पण आमच्याकडं बघून नाही.

जेवणाच्या हॉलमध्ये काचेपलीकडं पांढरे वाघ होते. माणसं खात होती आणि त्यांच्या ताटांच्या शेजारून वाघ चालत होते. मी काचेला नाक लावलं. मी जन्मभर जनावरांत राहिलेला माणूस, डोळे बांधले तरी गोठ्यात कुठली म्हैस कुठं आहे ते वासावर सांगीन. इथं वाघ हातभर अंतरावर होता आणि वास नव्हता. पावलाचा आवाज नव्हता. तो तोंड उघडून ओरडला असावा, कारण त्याचा गळा हलला. माझ्या कानावर बश्यांचा आवाज आला फक्त.

"आबा, खाऊन घ्या की काहीतरी."

"तिचा घास झाल्याशिवाय न्हाई."

पांडा बघितले. ते म्हाताऱ्या माणसासारखे पाय पसरून बसले होते आणि बांबू हातात धरून सोलत होते. एकानं सोलायचं थांबवून माझ्याकडं बघितलं. मला एकदम वाटलं की ह्याच्या आत कुणीतरी आहे. नजर काढून घेतली आणि पुढं निघालो.

मग रान लागलं. दाट झाडी, धुकं, पाखरांचा कलकलाट. मी एका बुंध्याला हात टेकला तर तो सिमेंटचा होता. धुकं नळीतून येत होतं. आणि तेवढ्यात मी ऐकलं.

काव.

पोरानं पण ऐकलं. मी पावसात सरळ झाडीत घुसलो. परत काव. अजून डावीकडं. माझं धोतर काट्यात अडकलं, पोरगा मागून हाका मारतोय, "आबा, अवो थांबा, तिकडं जायचं न्हाई!" मी आवाजापाशी पोचलो. तिथं एक दगड होता. दगडाला बारीक भोकं होती. दगड म्हणाला, काव.

मी तिथंच खाली बसलो. पोरानं मला दंडाला धरून उठवलं. हसला नाही तो, मी हसू दिलंही नसतं. "चला आबा, घरी जाऊ. घरात तिच्या फोटोपुढं ठेवू घास."

"फोटो शिवतोय व्हय?"

तिथून बाहेर आलो ती जागा बागेच्या कडेची. पाठीमागं कुंपण, त्यापलीकडं खरं पाणी, कसलीशी खाडी. एक केळ उगवली होती, कुणी न लावलेली. मी पान चाचपून बघितलं. खरं होतं, चीक लागला हाताला. कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर ते पान मी अंथरलं आणि पोराला म्हणालो, "ठेव." त्यानं कडेवरच्या नातीला खाली उतरवलं, पायातले बूट काढले आणि भात, दही, घारी ठेवली. हात जोडले. आम्ही मागं सरकून उभे राहिलो.

कधी आला ते मी बघितलं नाही. पोरानंही नाही. भिंत रिकामी होती आणि मग भिंतीवर कावळा होता. अंगानं आपल्यासारखाच काळा, पण गळ्याभोवती पांढरा पट्टा. आवाज केला नाही त्यानं. पानापासून वीतभर अंतरावर उभा राहून आमच्याकडं बघायला लागला. आणि पाळण्यांचं गाणं बंद पडलं होतं, की मला ऐकू येईनासं झालं होतं, देव जाणे.

"बोल," मी पोराला म्हणालो.

"काय बोलू?"

"तुला ठावं हाय."

त्यानं नातीकडं बघितलं. मग खालच्या मानेनं म्हणाला, "आये, मी येतो परत. नोकरी सोडून येतो. आबांजवळ ऱ्हातो."

ज्या शब्दासाठी मी समुद्र ओलांडला तो शब्द मिळाला होता. मी कावळ्याकडं बघितलं. तो दोन पावलं मागं सरकला.

"मोठ्यानं बोल!"

"येतो म्हणालो की, आबा." तो माझ्याकडं वळला. "अजून काय बोलू?"

कावळ्यानं पाठ फिरवली. तोंड पाण्याकडं केलं. आणि ती पाठ मला ओळखीची वाटली. फोनवर मी पोराला "कधी येणार, कधी येणार" सुरू केलं की ही उठायची आणि अशीच पाठ करून गोठ्याकडं जायची. मला वाटायचं रडायला जाते. तिला कधी विचारलं नाही. मग मी फोन ठेवला की येऊन म्हणायची, "जेवला का ते विचारलंसा का?" मी ते कधी विचारलेलं नसायचं.

घाटावरचा कावळा माझा शब्द ऐकून नदीपल्याड का गेला ते मला तेव्हा कळलं. असला शब्द मी आयुष्यात कुणापुढं काढला नव्हता. घाटावर सगळ्या गावादेखत मी जे बोललो होतो, ते मोडायचं होतं. कुंपणाला धरून मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे त्याला हितंच. मी बोलवत न्हाई. परत न्हाई बोलवणार. ऐकलंस?"

"आबा, कुणाला सांगताय?"

"तू गप."

कावळा वळला. अगदी सावकाश आला आणि भातात चोच घातली. नंतर घारी उचलली, पण ती न्यायला उडाला नाही. तिथंच, आमच्यासमोर, पायाखाली धरून खाल्ली. पोरगा लहान मुलासारखा रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ते त्याचं लगीन झाल्यावर पहिल्यांदाच.

"जेवलास का रं तू सकाळपासनं?" मी विचारलं.

"न्हाई, आबा. तुम्ही न्हाई जेवला तर..."

"चल मग. आणि मागं बघू नको आता."

घास शिवला की माणसानं निघावं, मागं वळून बघू नये. त्यानं नातीला खांद्यावर घेतलं, मी डबा घेतला आणि आम्ही चालू लागलो. भिंतीवरून नखांचा आवाज येत होता, टक टक, आमच्या चालीबरोबर. मी पाय उचलला तर तोही उचलायचा. पोराची मान ताठ झाली होती. त्यालाही ऐकू येत होतं, पण त्यानं वळून बघितलं नाही, आणि मीही नाही. भिंत संपली, फरशी लागली, तरी तो आवाज आमच्या मागं होताच, आता फरशीवर. मला तर तो पाखराच्या पायाचा वाटेना, जोडव्यांचा वाटला.

नात बापाच्या खांद्यावर होती, तोंड मागच्या बाजूला. तिला आपली रीत कुणी सांगितली नव्हती. ती खुदकन हसली आणि मागं कुणाला तरी हात हलवायला लागली. खाली पाखराकडं बघून नाही, समोर मोठ्या माणसाकडं बघून हलवतात तसा.