दहा हजार एक

वरवट बकालच्या शाळेत मी गणित शिकवायला लागले, तेव्हा नव्या महाराष्ट्राचा नकाशा वर्गात नुकताच लागला होता. माझी नेमणूक तात्पुरती होती. तपासणीला साहेब येणार हे कळलं आणि मी जेवणाचं ताट बाजूला सारलं. नोकरी गेली तर मेहकरला परत जायचं, आणि तिथे माझं लग्न उरकायला सगळे टपलेलेच. जिच्याकडे खोली घेतली होती ती मावशी म्हणाली, "काऊन भेता बाई? साहेब का वाघ हाये?"

साहेब आले तेव्हा मी आठवीला मूळ संख्या शिकवत होते. एक आणि ती स्वतः, यांच्याशिवाय जिला कशानंच पूर्ण भाग जात नाही ती मूळ, बाकीच्या संयुक्त. थोडा वेळ ऐकून साहेब उठले, माझ्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावर १०००१ लिहिलं. ही कोणती, असं त्यांनी वर्गाला विचारलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी चटकन म्हणाली, मूळ. साहेब माझ्याकडे वळले.

"बाई, तुम्ही काय म्हणता?"

एक हजार एकला सातानं भाग जातो हे मला पाठ होतं. या संख्येचं काहीच माहीत नव्हतं. मूळ म्हणून मोकळं व्हावं, असं फार वाटलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "करून बघावं लागेल."

त्यांनी खडू परत दिला. शंभराचा वर्ग दहा हजार, म्हणून शंभराच्या आतल्या मूळ संख्या तपासल्या की पुरे, एवढं मी कसंबसं मुलांना सांगितलं. शेवटी एक, म्हणून दोन आणि पाच गेले. अंकांची बेरीज दोन, म्हणून तीनही गेला. साताला बाकी पाच उरली, तेराला चार. प्रत्येक भागाकार फुकट गेला की भीती वाढायची. साहेब घड्याळ बघत होते आणि हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले होते. पन्नाशी ओलांडली, साठी ओलांडली. आता नाहीच जात, थांबावं, असं मन सांगत होतं. खडू हातातून निसटून फुटला. एकाहत्तरला बाकी एकसष्ट.

त्र्याहत्तरला बाकी शून्य आली. भागाकार एकशे सदतीस. माझा विश्वास बसेना, म्हणून गुणून पाहिलं.

"संयुक्त," मी म्हणाले.

साहेबांनी मान हलवली. "बहुतेक जण तिशीतच थांबतात," एवढं बोलून ते पुढच्या वर्गात गेले. ते खूश होते की नाराज, काही कळलं नाही. पुढे कितीतरी दिवस पोस्टमन शाळेकडे वळला की मी शिकवणं थांबवून दाराकडे बघायची. मग एका दुपारी कायम झाल्याचा हुकूम आला.

पण तपासणीच्या दिवशीच, सुटीत, ती पुढच्या बाकावरची मुलगी माझ्याजवळ आली होती.

"बाई, तुमाले भेव वाटत होतं का?"

मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मले बी."